डोस पाहणारा डॉक्टर कच्चा नव्हे

राउंडला निवासी डॉक्टरच्या हातात फोन दिसला की वरिष्ठांच्या कपाळाला आठ्या पडतात. नातेवाईक कुजबुजतात, ‘हा तर गूगलवर बघून औषध देतोय!’ खऱ्या डॉक्टरला सगळे तोंडपाठ असते, ही त्यामागची समजूत.

तसे कधीच नव्हते. आज आठ्या घालणारेही एकेकाळी ॲप्रनच्या खिशात औषधांच्या मात्रांची पुस्तिका बाळगत. तेव्हा कुणी नाक मुरडले नाही. शिवाय पाठांतर शिळे होते. हृदय बंद पडलेल्या प्रौढाला 15 दाबांनंतर 2 श्वास हे प्रमाण 2005 मध्ये 30 दाबांना 2 श्वास असे बदलले. बाळाचे औषध किलोमागे मोजायचे, मूत्रपिंड थकलेल्याला अमिकासिन देताना वय, वजन, क्रिएटिनिन यांचे गणित मांडायचे. रात्रभर जागलेल्या माणसाने हे तोंडी करावे, हा हट्ट रुग्णाच्या जिवावर बेततो.

फोनमुळे लक्ष उडते, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्याच पडद्यावर क्रिकेटचा स्कोअरही येतो. पण बंदी घातलीत तर फोन जिन्याखाली जाऊन पाहिला जाईल, इतकेच.

खरा धोका ॲपवर डोळे मिटून विश्वासण्यात आहे. ब्रिटिश पद्धतीचे ॲप क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये मागते, आपली लॅब मिलिग्रॅममध्ये देते. दोन्ही आकड्यांत सुमारे 88 पटींचा फरक. सर्पदंशात मुलालाही प्रतिसर्पविष मोठ्यांइतकेच द्यावे लागते, कारण साप वजन बघून विष सोडत नाही; किलोने भागण्याची सवय इथे घात करते. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून दाखवून दिला. ॲपमध्ये तो नंतर आला.

आणि गोपनीयता? रुग्णाच्या नावासकट एक्स-रे व्हॉट्सॲपवर फिरतात, हे वाईटच. पण रात्री घरून ‘फोटो पाठव’ म्हणणारे कोण असतात? सकाळी फोनवरून झापणारे वरिष्ठच! रुग्णालयाने दुसरी सोय दिलेली नसते, म्हणून पोराचा खासगी फोन सरकारी कामाला जुंपला जातो.

तेव्हा अधिष्ठात्यांनी वॉर्डात रुग्णालयाच्या मालकीचा टॅब ठेवावा, आपल्या औषधशास्त्र विभागाकडून तपासून घेतलेली ॲप त्यात घालावीत आणि रुग्णांचे फोटो त्याच्याबाहेर जाऊ देऊ नयेत. वरिष्ठांनी राउंडला ‘फोन आत ठेव’ म्हणण्याऐवजी ‘डोस कुठे पाहिलास, दाखव’ असे विचारावे.