शिकवणाऱ्याला काय विकायचे आहे?

एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी ‘वनकॉइन’ची सभा चालू असतानाच छापा घातला आणि अठरा जणांना अटक केली. बल्गेरियातून चाललेल्या या योजनेची संस्थापक रुजा इग्नातोवा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परागंदा झाली. अमेरिकी सरकारी वकिलांच्या हिशेबाने जगभरातील लोकांचे सुमारे चार अब्ज डॉलर त्यात गेले. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. फारसे बोलले जात नाही ते असे, की वनकॉइन कागदोपत्री नाणे विकतच नव्हते. विकली जात होती ‘शैक्षणिक पॅकेजेस’, शंभर युरोंपासून लाख युरोंच्याही वरची. नाण्यांसाठीचे टोकन त्यांच्यासोबत यायचे. गंडा घालण्याचा माल म्हणजे अभ्यासक्रमच होता. म्हणून क्रिप्टो आणि ब्लॉकचेन समजून घ्यायला काय वाचावे, हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. मजकूर सोपा आहे का, हे नंतर पाहावे. आपण शिकल्याने शिकवणाऱ्याच्या पदरात काय पडते आणि त्याने सांगितलेले त्याच्याशिवाय पडताळता येते का, हे आधी पाहावे.

पडताळणीवर भर देण्याचे कारण या तंत्रज्ञानातच आहे. बँकेवर किंवा मध्यस्थावर विश्वास न ठेवताही व्यवहार तपासता यावा, हाच बिटकॉइनचा मूळ दावा. बिटकॉइनची कमाल संख्या दोन कोटी दहा लाख, हे वाक्य यूट्यूबवर पदोपदी ऐकू येते. ती तेवढीच का, हे सांगणारे थोडे. सुरुवातीला व्यवहारनोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यामागे, म्हणजे ब्लॉकमागे, ५० नवी नाणी निघत आणि दर २ लाख १० हजार ब्लॉकनंतर हा आकडा निम्मा होतो. पहिल्या टप्प्यात १ कोटी ५ लाख नाणी, दुसऱ्यात ५२ लाख ५० हजार, तिसऱ्यात त्याच्याही निम्मी. बेरीज करत जा. ती दोन कोटी दहा लाखांजवळ सरकते, पण पलीकडे जात नाही. एप्रिल २०२४ पासून ब्लॉकमागे ३.१२५ नाणी निघतात, हे कोणत्याही ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेनवरील नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, फुकट दिसते. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकमध्ये तर लंडनच्या ‘द टाइम्स’चा त्या दिवशीचा, बँकांना वाचवण्याविषयीचा मथळा नोंदलेला आहे. वनकॉइनने मात्र २०१६ मध्ये आपली कमाल संख्या २१० कोटींवरून थेट १२,००० कोटींवर नेली. वरचा हिशेब एकदा कागदावर केलेल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला असता, की हा आकडा ठरवतो कोण? ठरवणारी होती कंपनीच, कारण तिथे खरी ब्लॉकचेन नव्हतीच.

या कसोटीला उतरणारी साधने आहेत आणि त्यातली उत्तम ती जवळजवळ फुकट आहेत. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला बिटकॉइनचा मूळ निबंध अवघा नऊ पानांचा आहे. तो अवघड वाटला, तर अरविंद नारायणन आणि सहकाऱ्यांच्या प्रिन्स्टनच्या पाठ्यपुस्तकाचा मसुदा मोफत मिळतो. एमआयटीने गॅरी गेन्सलर यांची २०१८ ची व्याख्याने खुली ठेवली आहेत. हेच गेन्सलर पुढे अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्या काळात बड्या क्रिप्टो एक्स्चेंजवर खटले भरले गेले. आपल्याकडे एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे ब्लॉकचेनचे अभ्यासक्रम आहेत. पैसे पडतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेचे, शिकण्याचे नाहीत.

यावर पहिला आक्षेप भाषेचा, आणि तो रास्त आहे. हे सगळे इंग्रजीत; मराठी माणसाला व्हिडिओचाच आधार. व्हिडिओ जरूर पाहावेत. पण त्याखाली एक्स्चेंजची रेफरल लिंक आहे का, टेलिग्राम गटाचे आमंत्रण आहे का, हे पाहायला इंग्रजी लागत नाही, आणि निम्मे-निम्मे करत जाण्याची बेरीज तर शाळेतच शिकवलेली असते. दुसरा आक्षेप पुस्तके जुनी होण्याचा. तो अर्धा खरा आहे. इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनने सप्टेंबर २०२२ मध्ये व्यवहार पक्के करण्याची ‘प्रूफ ऑफ वर्क’ ही पद्धत सोडून ‘प्रूफ ऑफ स्टेक’ स्वीकारली. त्याआधीच्या पुस्तकातले इथेरियमवरील प्रकरण जपून वाचावे. मात्र हॅश, डिजिटल सही, साखळीतील नोंदी हा पाया २००८ चाच आहे. रोज बदलतो तो भाव, आणि भाव सांगणे म्हणजे शिकवणे नव्हे.

हितसंबंध तर सगळ्यांचेच असतात, असेही कोणी म्हणेल. असतातच. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नरांनी क्रिप्टो हे पाँझी योजनांहूनही वाईट असू शकते असे म्हटले आणि त्याच वर्षी बँकेने स्वतःचा डिजिटल रुपया प्रयोगादाखल आणला. त्यांचे भाषण वाचावे, पण हे लक्षात ठेवूनच. एक्स्चेंजच्या धड्यांतही चुका असतील असे नाही. पाहायचे ते त्यात काय गाळले आहे. नाणी एक्स्चेंजकडे ठेवली तर त्यांची किल्ली, म्हणजे ती खर्च करू देणारा गुप्त संकेत, कोणाच्या हाती राहते, हा प्रश्न जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे दोन हजार कोटी रुपयांची क्रिप्टो चोरीला गेली तेव्हा हजारो ग्राहकांना नव्याने पडला. तेव्हा शुल्क भरून क्रिप्टोचा वर्ग लावण्याआधी नऊ पानांचा तो निबंध उघडा, एक्सप्लोररवर एक व्यवहार शोधून पाहा, आणि वर्गवाल्याला दोनच गोष्टी विचारा: किल्ली कोणाकडे राहील, आणि मी काही विकत घेतले तर तुम्हाला किती पैसे मिळतील?