सीमेवर उघडणारं दार

रेफर गाडी, म्हणजे शीतयंत्र लावलेला ट्रक, माल थंड करत नाही. द्राक्षपट्ट्यात इतकी वर्षं फिरूनही हे मला नीट उमगलं ते दिंडोरी तालुक्यातल्या एका पॅकहाऊसमध्ये. बाहेर मार्चचं ऊन, आत कंटेनर भरणं चालू. देखरेखीला असलेल्या ताई दर पॅलेटमधला एखादा मणी धरून त्यात थर्मामीटरची सुई खुपसत होत्या. एका पॅलेटला आकडा सहाच्या वर गेला, तसं त्यांनी ते मागे फिरवलं, पुन्हा प्रीकूलिंगला. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, गाडी थंडच आहे की. वाटेत होईल गार." त्यांनी मान हलवली. "वाटेत नाही होत दादा. गाडी गारवा राखते, करत नाही."

गाडीच्या कपाळावर बसवलेल्या शीतयंत्राच्या पेटीची ताकद भिंतींतून झिरपणारी उष्णता आणि मालाची स्वतःची ऊब बाहेर टाकण्यापुरतीच असते. तोडलेला घडही श्वास घेतो, उष्णता सोडतो. गरम माल भरला तर कडेची खोकी गार होतात आणि मधली कितीतरी वेळ तशीच राहतात. म्हणून तोडणीनंतर काही तासांतच प्रीकूलिंग, मग शून्य ते एक अंश, हवेत ओल नव्वद टक्क्यांच्या वर. एवढं सांभाळलं तर आपलं द्राक्ष समुद्रमार्गे युरोप गाठतं. मध्येच दार उघडं राहिलं, उन्हाची झळ लागली, तर गार मण्यांवर दव धरतं, त्यावर बुरशी येते, देठ सुकून तपकिरी पडतो. नंतर कितीही गार करा, देठ पुन्हा हिरवा होत नाही आणि घेणारा व्यापारी आधी देठच बघतो.

गाडीवरची ही शीतपेटी बनवली मिनियापोलिसच्या फ्रेडरिक मॅकिनली जोन्स या कृष्णवर्णीय अमेरिकी कारागिराने, 1930च्या दशकाच्या अखेरीस. त्यांचं शालेय शिक्षण फारसं झालेलं नव्हतं. 1949मध्ये त्यांना पेटंट मिळालं. यंत्राचा प्रश्न त्या माणसाने तेव्हाच सोडवला. सीमेवर गाडीचं दार उघडावं लागण्याचा प्रश्न आपल्याकडे अजून तसाच आहे.

युरोपाने तो कायद्याने हाताळला. 1 सप्टेंबर 1970 रोजी जिनिव्हात नाशवंत खाद्यपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा करार झाला. एटीपी या नावाने तो ओळखला जातो. तिथल्या रेफर गाडीच्या अंगावर गडद निळ्या अक्षरांत 'एफआरसी' लिहिलेलं दिसतं, खाली महिना आणि वर्ष. यंत्राने गार होणारी, जाड उष्णतारोधक भिंतींची, उणे 20 अंशांपर्यंत उतरणारी ही गाडी आहे आणि तिचा दाखला अमुक तारखेपर्यंत चालतो, एवढं त्या अक्षरांतून कळतं. गोठवलेल्या मासळीला उणे 18, आइस्क्रीमला उणे 20, हे आकडेही करारातच आहेत. एका देशाने दिलेला दाखला करारातले बाकीचे देश मानतात. स्पेनच्या अल्मेरियातल्या हरितगृहांमधली ढोबळी मिरची फ्रान्स आणि जर्मनी ओलांडून पोलंडला जाते, तेव्हा वाटेतल्या सीमांवर तिला कोणी खाली उतरवत नाही.

त्याच युरोपात एक सीमा नव्याने उभी राहिली, तेव्हाचं दृश्य मी विसरू शकत नाही. 20 डिसेंबर 2020च्या रात्री करोनाच्या नव्या प्रकारामुळे फ्रान्सने ब्रिटनकडून येणारी वाहतूक 48 तासांसाठी बंद केली. डोव्हर बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर आणि मॅन्स्टनच्या जुन्या विमानतळावर हजारो ट्रक अडकले. नाताळ तोंडावर होता. कित्येक गाड्यांमध्ये स्कॉटलंडची मासळी, झिंगे, खेकडे होते. ड्रायव्हर केबिनमध्ये बसून होते, खायला नाही, शौचालयाची सोय नाही. ग्रेव्हसेंडच्या गुरुद्वारात रांधलेलं गरम जेवण घेऊन खालसा एड या शीख सेवाभावी संस्थेचे स्वयंसेवक त्यांच्यापर्यंत पोहोचले. ते ड्रायव्हर कोण कुठले, काय नेताहेत, कोणी विचारलं नाही. त्या जेवणवाटपाचा एक फोटो आजही माझ्याकडे आहे.

त्यानंतर दहाच दिवसांनी ब्रेक्झिट पूर्णपणे लागू झालं आणि गाडी अडायला साथीची गरज उरली नाही. कागद पुरे झाले. मासळीच्या प्रत्येक मालाला आरोग्य प्रमाणपत्र लागू लागलं. लहान मच्छीमारांचा माल एकाच गाडीत एकत्र जातो. त्यातल्या एकाचा कागद चुकला की सगळी गाडी उभी राहायची. आत उणे 18 असो की दोन अंश, रेफरचं इंजिन घरघरत असायचं, डिझेल जळत असायचं आणि ताज्या मासळीची किंमत तासातासाने उतरत असायची. 18 जानेवारी 2021 रोजी मासळी व्यापाऱ्यांनी आपल्या लॉऱ्या थेट लंडनमध्ये, संसदेजवळ नेऊन उभ्या केल्या. युरोपातून ब्रिटनमध्ये येणाऱ्या मालाची प्रत्यक्ष तपासणी 30 एप्रिल 2024पासून सुरू झाली. शेवटी 19 मे 2025 रोजी दोन्ही बाजूंनी अन्न आणि वनस्पतींच्या तपासणीचे अडसर कमी करणारा करार करायचं मान्य केलं. श्रीमंत, शिस्तीच्या देशांनाही एवढं कळायला जवळपास साडेचार वर्षं आणि मच्छीमारांचं नुकसान खर्ची घालावं लागलं.

आता आपल्या सीमेकडे येऊ. नाशिकहून बांगलादेशाला जाणारी द्राक्षांची गाडी धुळे, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर करत उत्तर 24 परगणा जिल्ह्यातल्या पेट्रापोलला पोहोचते. अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपास, आणि हंगाम ऐन उन्हाळ्याकडे झुकलेला. कोणी रेफर लावतो, कोणी साधा ट्रक. विदर्भाचं संत्रंही याच वाटेने जातं. भारत आणि बांगलादेशातल्या जमिनीवरच्या व्यापाराचा सर्वांत मोठा वाटा या एका फाटकातून होतो.

फाटकापलीकडे बेनापोल. भारतीय ट्रक तिथवरच जातो. तिथे दार उघडतं, माल हातांनी उतरतो आणि बांगलादेशी ट्रकमध्ये चढतो. जागतिक बँकेने 2021च्या अहवालात या नाक्याचा हिशेब मांडला होता: एका ट्रकला 138 तास, त्यांतले 28 तास नुसत्या माल बदलण्यात. तेवढ्याच वाहतुकीच्या पूर्व आफ्रिकेतल्या नाक्यांवर सहा तासांच्या आत काम होतं. नाशवंत मालाला इथे अग्रक्रम मिळतो, म्हणून फळांच्या गाडीला एवढा वेळ लागत नाही, हे खरं. पण दार तिलाही उघडावं लागतं. दिंडोरीतल्या ताईंनी एका पॅलेटसाठी जो हट्ट धरला, तो सगळा त्या आवारात एका दुपारी वाया जातो. रेफरसाठी जादा भाडं मोजावं लागणाऱ्या बागायतदारांना हे कळतं, म्हणूनच त्यांच्यातले बरेच जण म्हणतात, "कशाला रेफर? तिकडे खाली उतरवायचंच आहे." आणि मग साध्या ट्रकात माल जातो, त्याचा भाव बांगलादेशी व्यापारी ठरवतो.

यावर उपाय नाही असं नाही. 15 जून 2015 रोजी थिंफूमध्ये भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान यांनी एकमेकांच्या गाड्यांना वाट देणाऱ्या करारावर सह्या केल्या. भूतान पुढे बाजूला राहिला. बाकीच्या तिघांची नियमित मालवाहतूकही त्या कराराखाली सुरू झालेली नाही. 2017मध्ये भारत टीआयआर या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य झाला. त्यात गाडीला निघतानाच सील लागतं आणि वाटेतल्या सीमांवर अधिकारी सहसा फक्त ते सील शाबूत आहे का ते पाहतात. तस्करीची भीती दाखवणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे. सीलबंद, तापमानाची नोंद ठेवणाऱ्या गाडीपेक्षा उघड्यावर उतरवलेल्या मालात काही लपवणं कितीतरी सोपं असतं. बेनापोलच्या हमालांच्या रोजीचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो झटकून टाकता येणार नाही. पण सूत, यंत्रं, रसायनं यांचा प्रचंड माल तिथे उतरतच राहणार आहे. फळं आणि मासळी तेवढी त्यातून वगळा.

आपल्याकडे या विषयावर बोललं जातं ते शुल्कापुरतं. संत्र्यावर बांगलादेशाने 2019मध्ये किलोला 20 रुपये लावलेलं शुल्क 2023मध्ये 88 रुपयांवर नेलं. त्याने विदर्भाचं कंबरडं मोडलं, त्याविरुद्ध ओरडायलाच हवं. ऑगस्ट 2024मध्ये ढाक्यात झालेल्या सत्तांतरानंतर दोन देशांचे संबंध ताणले गेले, हेही मला दिसतं. पण शुल्क ढाक्यात ठरतं. दार कुठे आणि किती वेळ उघडायचं, हे दोन्हीकडचे अधिकारी मिळून ठरवतात, आणि त्यातली अर्धी बाजू आपली आहे. तिच्याबद्दल एकाही मोर्चात मी घोषणा ऐकलेली नाही.

बागायतदार संघांना माझी विनंती आहे. या हंगामात खासदारांना निवेदन द्याल, तेव्हा शुल्काच्या मागणीखाली आणखी एक ओळ लिहा: नाशवंत मालाची सीलबंद गाडी दार न उघडता ढाक्यापर्यंत जाऊ द्या.