आकड्यांतली श्रीमंती

१ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटनच्या जोडीने आयर्लंड आणि डेन्मार्क हे दोन लहान देश युरोपीय आर्थिक समुदायात शिरले. दोघांचीही लोकसंख्या आज पन्नास-साठ लाखांच्या घरात आहे. दरडोई उत्पन्नाच्या यादीत मात्र आयर्लंड युरोपीय संघाच्या सरासरीच्या दुपटीवर आणि डेन्मार्क बराच खाली. तरीही सुखाने जगायचं तर माझा कौल डेन्मार्कलाच.

कारण आयर्लंडच्या आकड्यात हवाच फार आहे. २०१५ साली तिथली अर्थव्यवस्था एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली होती; साडेबारा टक्के कंपनी कर कोणाला नको? अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी या वाढीला आयरिश लोककथांतल्या चकवेबाज बुटक्याचं, लेप्रेकॉनचं नाव देऊन टर उडवली आणि पुढे तिथल्या सांख्यिकी कार्यालयालाच उत्पन्नाचं वेगळं, सुधारित माप काढावं लागलं. कुटुंबांच्या वाट्याला प्रत्यक्ष काय येतं, शाळा-दवाखान्यांसकट, हे मोजलं की आयर्लंड युरोपच्या सरासरीजवळ येतो आणि डेन्मार्क त्याच्या वर दिसतो.

रोजच्या व्यवहारात हा फरक कसा उतरतो? डेन्मार्कमधल्या प्रत्येक रहिवाशाकडे पिवळं आरोग्य कार्ड असतं. त्यावर त्याच्या डॉक्टरचं नाव नि फोन नंबर छापलेला. तपासून घ्यायचे पैसे पडत नाहीत. (दात मात्र प्रौढांनी पदरमोड करूनच दाखवायचे!) आयर्लंडमध्ये सवलतीचं कार्ड नसेल तर साध्या तापासाठीही पन्नास-साठ युरो मोजावे लागतात. घरांचं तर विचारूच नका. डॅनिश मुलं एकविशी-बाविशीत आईवडिलांचं घर सोडतात, आयरिश मुलं अठ्ठाविशीच्या आसपास. आपल्याकडे यात कोणाला काही वावगं वाटणार नाही. पण हौसेने एकत्र राहणं वेगळं आणि भाडं झेपत नाही म्हणून अडकणं वेगळं. डेन्मार्कमधलं साधारण दर पाचवं घर ना-नफा गृहसंस्थेचं आहे. आयर्लंडमध्ये २०२५च्या सुरुवातीला पंधरा हजारांवर माणसं सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यात होती.

‘डेन्मार्कमधला कर पाहिलात का?’ असं कोणी विचारील. पाहिला. प्राप्तिकर जबर, विक्रीवर पंचवीस टक्के, मोटार घ्यायची तर नोंदणीचा कर वेगळा. पण आयरिश माणूस डॉक्टर, पाळणाघर आणि घरभाड्याला जे मोजतो, त्याची पावती कर म्हणून फाटत नाही इतकंच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : आयरिश माणसं डॅनिशांपेक्षा वर्षभर जास्त जगतात. हे खरं आहे. डेन्मार्कमध्ये पिढ्यानपिढ्या चाललेली सिगारेट आणि दारू त्याला बरीचशी जबाबदार आहे, आणि मोफत डॉक्टरला त्यावर पूर्ण उतारा सापडलेला नाही.

पुण्याहून निघणाऱ्या परिचारिकेचा किंवा संगणक अभियंत्याचा हिशेब मात्र वेगळा निघू शकतो. आयर्लंडमध्ये इंग्रजीवर निभावतं आणि साधारण पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. डेन्मार्कमध्ये त्यासाठी सहसा नऊ वर्षं काढावी लागतात, शिवाय डॅनिश भाषेची परीक्षा आहेच. पिवळं कार्ड लवकर मिळतं, पासपोर्टला वेळ लागतो. ज्याला मुलाबाळांसह कायमचं स्थायिक व्हायचंय, त्याने डब्लिनचं भाडं सोसून आयर्लंड निवडला तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.