यंत्र कुलपात, रुग्ण जमिनीवर!

2023 च्या नवरात्रात गरबा खेळता खेळता माणसे कोसळल्याच्या बातम्या गुजरातभर आल्या. आयोजकांना रुग्णवाहिका ठेवण्याच्या सूचना निघाल्या. पुढे काय? हृदय अचानक बंद पडले की दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. 108 ची गाडी मांडवीच्या गर्दीतून येईपर्यंत आपण काय, आरती म्हणायची?

बडोदेकर बांधवांनो, अशा वेळी उपयोगी पडते ते एईडी, म्हणजे डिफिब्रिलेटर. हे यंत्र बोलून सूचना देते, हृदयाची गती स्वतः तपासते आणि गरज नसेल तर झटका देतच नाही. शहरातल्या एका मोठ्या मॉलमध्ये आम्ही त्याची चौकशी केली. यंत्र होते, पण मॅनेजरच्या कपाटात, आणि रविवार असल्याने किल्लीसकट मॅनेजर सुट्टीवर!

कॅनडातील मॅनिटोबा प्रांताने 2011 मध्येच कायदा केला. व्यायामशाळा, शाळा, विमानतळ अशा ठिकाणी यंत्र सक्तीचे आणि त्याची नोंदणीही सक्तीची. नोंद असली की मदतीचा फोन घेणारा सांगू शकतो, जवळचे यंत्र कुठे आहे. इटलीच्या 2021 च्या कायद्याने तर प्रशिक्षित कोणी जवळ नसेल तेव्हा अप्रशिक्षित माणसालाही ते वापरण्याची मुभा दिली.

आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134-अ कलम आले. मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे, पण फक्त वाहन अपघातातील जखमींपुरते. मंडपात कोसळलेल्याच्या छातीवर पॅड लावणाऱ्याबद्दल ते कलम मुके!

"लोकांनी स्वतःहून ठेवावे" असे कोणी म्हणेल. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये प्राथमिक शिक्षण पालकांच्या मर्जीवर सोडले नव्हते, कायद्याने सक्तीचे केले होते. दंडासह!

आमची मागणी साधी आहे. मोठी सभागृहे, मॉल, स्थानके आणि गरबा मैदानांवर यंत्र उघड्यावर, कुलपाविना असावे. प्रत्येक यंत्राची नोंद 108 कडे असावी. वापरणाऱ्याला संरक्षण मिळावे. सूचना गुजराती व हिंदीत असाव्यात (येथे आम्ही मराठीचा हट्ट धरत नाही, जीव आधी!).

आणि गणेशोत्सव मंडळांनो, ध्वनिवर्धकांच्या भिंती उभारायला वर्गणी पुरते, मग याला का पुरत नाही? आमदारांना द्यायच्या निवेदनावर येत्या बैठकीत सह्या घेणार आहोत. आपल्या सभागृहात यंत्र आहे का, आणि किल्ली कोणाकडे, हे विचारूनच या.