युद्धाआधीचे बारा महिने

‘सुरुवातीचे पंधरा-वीस तास कसेबसे काढा, पुढे खेळ रंगतो.’ डावपेचांच्या भूमिकाप्रधान व्हिडिओ गेमविषयी हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याला आता म्हणीची कळा आली आहे. नवख्या खेळाडूला धीर देण्यासाठी ते म्हटले जाते आणि म्हणणारा स्वतःला त्या खेळाचा चाहता समजत असतो. माझे म्हणणे असे की, या वाक्याने खेळाची जेवढी अवहेलना होते तेवढी तो कंटाळून मध्येच सोडणाऱ्याकडूनही होत नाही. सोडणाऱ्याने निदान समोर जे होते त्याविषयी काही मत बनवलेले असते. धीर देणारा मात्र समोर आहे ते काहीच नाही असे धरून चालतो आणि पुढच्या कशाची तरी हुंडी लिहून देतो. आरंभ म्हणजे टोलनाका. पैसे भरा, रांगेत थांबा, मग रस्ता मोकळा. हाच न्याय आपण कादंबऱ्यांनाही लावत आलो आहोत. ‘पहिली शंभर पाने सोसा’ ही शिफारस वर्गात ऐकलेली नाही असा साहित्याचा विद्यार्थी विरळा.

हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचा संबंध पुस्तकांशी असणार, म्हणून थोडी तोंडओळख आवश्यक आहे. या प्रकारच्या खेळात बुद्धिबळासारखा चौकोनांचा पट असतो. पण सोंगट्यांना नावे असतात, पूर्वायुष्य असते, स्वभाव असतो. जपानमध्ये १९९० साली सुरू झालेल्या ‘फायर एम्ब्लेम’ या मालिकेने त्यात एक कठोर नियम आणला: लढाईत पडलेला माणूस परत येत नाही. पुढल्या डावात पट नव्याने मांडला जातो, पण तो त्यात नसतो. २०१० साली एका खेळात या नियमाला पर्याय देण्यात आला आणि तेव्हापासून खेळाडू सहसा आरंभीच ठरवू शकतो की त्याला मृत्यू खरा हवा की तात्पुरता. सवलत योग्यच आहे. पण मालिकेचा पाया तो मूळ नियम आहे, आणि त्या नियमाचा अर्थ असा की, कोण मेले याने खेळाडूला काही वाटायचे असेल तर मरणारा आधी त्याचा कोणीतरी झालेला असला पाहिजे. हे ‘आधी’ कोठेतरी घडावे लागते. जिथे ते घडते त्या भागालाच आपण संथ म्हणतो.

उदाहरण घेऊ ते ‘फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस’चे. हा खेळ २०१९ च्या जुलैत आला आणि संथ आरंभाबद्दल त्याला पुष्कळ बोल लागले. यात खेळाडू सेनापती नसून प्राध्यापक आहे. गॅरेग माख नावाच्या एका मठाच्या विद्यालयात तीन गट आहेत, तीन वेगवेगळ्या सत्तांमधून आलेल्या मुलांचे. प्रत्येकात आठ विद्यार्थी. एक गट तुम्ही निवडता आणि मग एक वर्ष शिकवता. सोमवारी तास. कोणी भाला शिकायचा, कोणी घोडेस्वारी, कोणी तिरंदाजी, ते तुम्ही ठरवता. एखादा विद्यार्थी मध्येच येऊन म्हणतो की मला हे नको, ते शिकवा. एखाद्याचा तास वाया गेला तर त्याचे सांत्वन करायचे की कानउघाडणी, हेही तुमच्यावर. वरच्या वर्गात जाण्यासाठी परीक्षा असते आणि तीत विद्यार्थी नापास होतात. रविवार मोकळा. त्या दिवशी मठात हिंडावे, कोणाबरोबर जेवावे, कोणाला चहाला बोलवावे, कोणाची हरवलेली वस्तू परत द्यावी. महिन्याच्या शेवटी एक मोहीम. असे बारा महिने. आणि मग युद्ध फुटते, मध्ये पाच वर्षे निघून जातात आणि जी मुले एका भोजनगृहात जेवत होती ती एकमेकांवर शस्त्र उगारतात.

तक्रारखोर म्हणतात की खरा खेळ तिथे सुरू होतो.

तिसऱ्या महिन्याची मोहीम पाहा. लोनाटो नावाच्या सरदाराने चर्चविरुद्ध बंड केले आहे. त्याच्या मुलाला चर्चने पूर्वी मृत्युदंड दिलेला आहे. वर्गाला काम दिले जाते ते लढण्याचे नव्हे, सैनिकांच्या मागोमाग जाऊन आवराआवर करण्याचे. वाटेत धुके दाटते आणि विद्यार्थी थेट बंडखोरांच्या तोंडी सापडतात. नुसता पट पाहणाऱ्याला ही एक साधी लढाई वाटेल: दृष्टीच्या टप्प्यात काही दिसत नाही, कुठेतरी एक जादूगार धुके धरून बसला आहे, तो पडला की पट स्वच्छ. पण धुके विरल्यावर दिसते काय, तर समोर उभे असलेल्यांत मोठा भरणा गावकऱ्यांचा आहे. आपल्या सरदारावर जीव असल्याने हातात येईल ते घेऊन आलेली साधी माणसे. आणि अ‍ॅश नावाचा तुमचा एक विद्यार्थी, तुम्ही त्याचा गट निवडला असेल तर, त्याच लोनाटोने पोसलेला अनाथ मुलगा आहे. मोहीम फत्ते झाल्याचा संदेश पडद्यावर येतो. त्यानंतर मठात परतून प्रत्येकाशी दोन वाक्ये बोलायची असतात. कोणी गप्प, कोणी चर्चची बाजू घेणारा, कोणी नुसता हादरलेला. हीच ती ‘संथ’ संभाषणे. ती बटण दाबून ओलांडणाऱ्याने त्या महिन्यात नेमके काय केले? धुक्यातून वाट काढली. कोणाला मारले हे त्याला कळलेच नाही.

आता ज्यांना कथानक आधी कळलेले चालत नाही त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडावा.

सातव्या महिन्यात ग्रॉन्डरच्या मैदानावर तिन्ही गटांची लुटुपुटीची लढाई होते. मधोमध एक टेकाड, त्यावर मोठे बाण फेकणारे यंत्र. ते ज्याच्या ताब्यात त्याचा वरचष्मा. कोणी मरत नाही. संध्याकाळी सगळे मिळून जेवतात. पाच वर्षांनंतर, खेळाच्या चारपैकी दोन मार्गांत, त्याच मैदानावर पुन्हा तीन सैन्ये येतात. तेच टेकाड, तेच यंत्र. यंत्रावर उभी असते बर्नाडेट्टा, तुम्ही तिला आपल्या गटात ओढून घेतले नसेल तर. ही मुलगी मठात असताना खोलीबाहेर पडायला धजत नसे. तिच्याशी बोलायचे तर तिच्या दाराशी जावे लागे. ती त्या उंचवट्यावर उभी असतानाच तिच्याच बाजूचे सैन्य टेकाडाला आग लावते. डावपेचांच्या भाषेत ही एक साधी चाल आहे: मोक्याची जागा शत्रूच्या हाती जाऊ न देणे. या क्षणी खेळाडूच्या पोटात जो गोळा येतो त्याचे स्पष्टीकरण युद्धाच्या भागात कोठेही सापडणार नाही. ते त्या बंद दाराशी आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. चांगला कथाकार दोन पानांत एखाद्या पात्राचा जीव लावतो. यांना वीस तास कशाला लागतात? हा निव्वळ पाल्हाळ नव्हे काय? पाल्हाळ हा शब्द आपल्या समीक्षेत फार सहज फेकला जातो. कथेतल्या माणसाशी वाचकाचे नाते शब्दांनी जुळते. तिथे दोन पाने पुरतात, कधी एक ओळही. या खेळात ते जुळते ते वेळ कोणाला दिला यावरून, आणि ज्याला दिला नाही त्याच्यावरूनही. रविवार मोजके असतात. एका रविवारी करता येण्याजोग्या गोष्टींना मर्यादा असते. दुसऱ्या गटातल्या एखाद्या मुलाला आपल्याकडे आणायचे तर त्याला आवडणारी विद्या स्वतः शिकावी लागते किंवा त्याच्याशी स्नेह वाढवावा लागतो. दोन्हींना वेळ हवा. एकाला चहाला बोलावले म्हणजे दुसऱ्याला नाही. ज्यांच्यापर्यंत आपण पोचलो नाही ते पुढे समोरच्या बाजूला भेटतात. फर्डिनंड नावाचा एक बढाईखोर पण सरळ मनाचा सरदारपुत्र आहे, चहाचा मोठा षौकीन. त्याच्याकडे दुर्लक्ष झाले असेल तर काही मार्गांत तो एका पुलावर शत्रू म्हणून उभा राहतो. त्याला मारताना खेळाडूला आठवतात ते न दिलेले रविवार.

म्हणजे ज्या महिन्यांना आपण लांबलचक म्हणतो ते प्रत्यक्षात तोकडे आहेत. चोवीस मुले, एक शिक्षक, एक वर्ष. युद्धाची वाट पाहत बसलेल्यालाच ते वर्ष संपता संपत नाही. शिकवण्यात गुंतलेल्याला बारावा महिना फार लवकर येतो. आपल्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत. मार्च महिना कसा येतो हे त्यांना सांगायला नको.

आपल्याकडे कोणत्याही गोष्टीला महाभारताची साक्ष काढायची खोड आहे आणि मी ती एरवी टाळतो. इथे मात्र ती टाळता येत नाही. अठरा पर्वांत युद्धाला तोंड फुटते ते सहाव्या, भीष्मपर्वात. त्याआधीची पाच पर्वे कोणी ‘कसेबशी काढा’ म्हणून सांगत नाही. त्यातही आदिपर्वात राजपुत्रांच्या शस्त्रविद्येचे जे जाहीर प्रदर्शन आहे, एकाच गुरूच्या हाताखाली शिकलेली मुले प्रेक्षकांसमोर कौशल्य दाखवतात ते, त्याची सावली कुरुक्षेत्रावरून हलत नाही. जपानी निर्मात्यांनी ते वाचले होते असे मला सुचवायचे नाही. गुरुकुलातून रणांगणाकडे जाणारी गोष्ट कोणीही सांगू लागला की गुरुकुलात रेंगाळावे लागते, इतकेच. ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेने १९९६ सालीच याच्या जवळचा एक प्रयोग केला होता: त्या खेळाच्या मध्यावर नायकासह आधीच्या पिढीचा घात होतो आणि पुढची गोष्ट त्यांची मुले चालवतात. तिथेही ‘खरा’ खेळ कोठे सुरू होतो हा प्रश्न निरर्थक ठरतो.

याचा अर्थ या आरंभातले सगळेच मी पदरात घेतो असा नाही. ‘थ्री हाउसेस’मध्ये मासेमारी आहे, ती कशासाठी आहे हे अनेक रविवार खर्चूनही उमगत नाही. मठाच्या आवारात धावत सुटून खाली पडलेल्या वस्तू गोळा करणे ही कल्पना सुंदर आहे, कारण वस्तू कोणाची असेल हे ओळखण्यासाठी माणसे ठाऊक हवीत. पण चोवीस जणांच्या वस्तू साचत गेल्या की ते हमालीचे काम होते आणि खेळाडू तयार याद्या शोधू लागतो. सगळ्यांत मोठा दोष असा की, चारही मार्ग पाहायचे तर जवळजवळ तेच वर्ष पुन्हा पुन्हा जगावे लागते. पहिल्या खेपेचा उमाळा चौथ्या खेपेस टिकत नाही. कोणाचाच टिकणार नाही. ही रचनेतली उणीव आहे आणि तिच्यावर टीका व्हायलाच हवी. ती टीका मात्र पोकळ जागांवर हवी. संथपणा आणि पोकळपणा यांत फरक न करणाऱ्या समीक्षेला दोन्ही सारखेच कंटाळवाणे दिसतात.

निर्मातेही या भीतीतून मुक्त नाहीत. २०२२ च्या मार्चमध्ये आलेल्या ‘ट्रँगल स्ट्रॅटेजी’चा पहिला नमुना वर्षभर आधी, २०२१ च्या फेब्रुवारीत, लोकांसमोर ठेवला गेला तो सहाव्या आणि सातव्या प्रकरणांचा. राज्य बुडाले आहे, आश्रयाला आलेल्या राजपुत्राला शत्रूच्या स्वाधीन करायचे की नाही यावर सहकाऱ्यांचे मत घ्यायचे, असा तो प्रसंग. प्रसंग जबरदस्त, पण हा राजपुत्र कोण, याच्याशी आपले काय नाते, मत देणारी ही माणसे कोण, काहीच माहीत नसताना तराजूत मते टाकायची. दुसरा नमुना २०२२ साली आला तो पहिल्या तीन प्रकरणांचा, आणि त्यात जमवलेले सर्व पूर्ण खेळात पुढे नेता येत होते. त्या तीन प्रकरणांत लढाया थोड्या, बोलणी फार. मीठ कोणाकडे, लोखंड कोणाकडे, तीस वर्षांपूर्वी त्यांवरून कसे युद्ध झाले, विवाह कोणाचा कोणाशी का ठरला. हा आरंभ मला ‘थ्री हाउसेस’हून दुबळा वाटतो, कारण इथे खेळाडूला ऐकायचे फार आणि करायचे थोडे आहे. तरीही सातव्या प्रकरणातल्या तराजूला वजन येते ते याच बोलण्यांमुळे, आणि दोन्ही नमुने खेळलेल्या कोणालाही हे पडताळून पाहता येईल.

राहता राहिला आपला प्रांत. खेळाचा आरंभ टाळून युद्धाचे प्रसंग ध्वनिचित्रफितीवर पाहणारा विद्यार्थी आणि कादंबरीऐवजी गाइडमधला सारांश वाचून परीक्षेला बसणारा विद्यार्थी हे दोघे वेगळे नाहीत. आणि दुसऱ्याला आपण घडवले आहे. प्रश्नपत्रिकेत कथानकाचे निर्णायक वळण विचारायचे, संपादित वेच्यांत कळसाचा प्रसंग छापायचा, तासाला ‘इथपर्यंत काय घडले ते मी थोडक्यात सांगतो’ म्हणून चाळीस पाने दोन मिनिटांत गुंडाळायची, हे सारे करून झाल्यावर नव्या पिढीला धीर नाही अशी ओरड करायची. व्हिडिओ गेम वाङ्मयीन अभ्यासाच्या योग्यतेचे आहेत काय, यावर चर्चासत्रांतून बोलणाऱ्यांचीही तीच तऱ्हा: उदाहरणे द्यायची ती सगळी शेवटांची, कळसांची, धक्क्यांची. ग्रॉन्डरचे जळते टेकाड सगळ्यांना ठाऊक असते. बर्नाडेट्टाचे दार कोणाच्या निबंधात येत नाही.

तेव्हा कोणी हा खेळ वर्गात शिकवायला घेणारच असेल तर माझी मागणी साधी आहे. युद्धाचा भाग ऐच्छिक ठेवावा. पहिले बारा महिने मात्र प्रत्येकाने स्वतः खेळावेत, एकही संभाषण न ओलांडता. मासेमारीतून सूट द्यायला हरकत नाही.