प्रतिकारशक्ती वाढव गं!

मंडळी, हे वाक्य गेल्या चार वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आता लिहायलाच हवं. सांगणारी सगळी माझीच माणसं, आणि त्यातली निम्मी हा ब्लॉग वाचतात. वाचा तर मग.

मला मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे (हो, अमिताभला झाला होता तोच). मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचवतं असिटिलकोलिन नावाचं रसायन. स्नायूवर ते जिथे जाऊन बसतं, त्या जागांवरच माझ्या प्रतिपिंडांनी हल्ला चढवलाय. म्हणून संध्याकाळी पापण्या गळतात, जेवता जेवता जबडा थकतो. म्हणजे माझी प्रतिकारशक्ती कमी नाहीये हो, ती घरच्याच माणसांना चोर समजून बडवतेय. तिला अजून खुराक कशाला?

तिला आवरायला प्रेडनिसोलोन आणि अ‍ॅझाथायोप्रिन. अ‍ॅझाथायोप्रिनचा गुण यायला सहा महिने, वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं. त्यामुळे "तीन महिने झाले, फरक नाही, सोडून दे" याला काही अर्थ नाही. तोवर स्टिरॉइडवर धकवायचं. स्टिरॉइड काही साधुसंत नव्हे. तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. हे मला आरसा सांगतो, लग्नात जाहीर करायची गरज नाही! पण महिनोन् महिने घेतलेलं स्टिरॉइड एकदम थांबवलं तर जिवावर बेततं, कारण तोवर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं जवळजवळ विसरलेलं असतं. शिवाय आजार उसळून श्वासाचे स्नायूच थकले तर व्हेंटिलेटर. "बंद कर ती केमिकलं" म्हणणाऱ्यांपैकी तेव्हा आयसीयूबाहेर कोण बसणार आहे?

आता गुळवेल. "नैसर्गिक आहे, अपाय नाही." २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, आणि तीही ऑटोइम्यून आजारासारखी. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, असो. पण माझा मुद्दा साधा आहे. अ‍ॅझाथायोप्रिन देणारा डॉक्टर ठरावीक दिवसांनी पांढऱ्या पेशी आणि यकृताची तपासणी करायला लावतो, कारण औषध अपाय करू शकतं हे तो कबूल करतो. काढ्याची बाटली पाठवणाऱ्या एकानेही मला आजवर रक्ताचा रिपोर्ट विचारलेला नाही. मग बेजबाबदार कोण?

भीती खोटी नाही. या गोळ्यांमुळे जंतुसंसर्ग लवकर होतो, जिवंत विषाणूंच्या लशी टाळाव्या लागतात. काळजीच करायची तर तिथे करा ना! सर्दी-ताप असेल तर फोनवर गप्पा मारू, घरी येऊ नका. मला ताप आला तर कोपऱ्यावरच्या दुकानातून सिप्रोफ्लॉक्सासिन आणून देऊ नका, त्याने हा आजार बळावू शकतो. माझ्या पर्समध्ये औषधांची यादी असते, ती आधी डॉक्टरला दाखवा.

आणि काकू, फ्रिजमधली ती हिरवी बाटली मी बेसिनमध्ये ओतली आहे.