दुखणाऱ्याने हसू नये काय?

२०२५ च्या उपवासकाळातील एका शुक्रवारी, क्रुसाची वाट आटोपून आम्ही ओट्यावर टेकलो न टेकलो तोच धर्मग्रामातील दोन प्रतिष्ठित गृहस्थ एक गाऱ्हाणे घेऊन आले. गाऱ्हाणे एका भगिनीविषयी होते. गेली अकरा वर्षे तिला आमवात आहे. मिस्सेच्या वेळी सारी मंडळी गुडघे टेकतात तेव्हा ही बाकावर बसून राहते. सणाच्या आदल्या दिवशी फुगे तळावयास स्त्रिया जमतात, त्यांत ही नसते. आणि तीच बाई डिसेंबरात मुलासुनेसह गोव्याला गेली, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र शवाच्या दर्शनसोहळ्यानिमित्त चार दिवस राहिली, आणि मांडवीच्या काठी नातवंडांसमवेत खळखळून हसतानाची तिची छायाचित्रे घरोघरच्या मोबाइलवर फिरली. "फादर, सांधे दुखतात म्हणणारीला एवढे फिरणे झेपते कसे?" असा त्यांचा प्रश्न होता. तिच्याकडून निदान वाचनाची किंवा शिकवणी-वर्गाची काही सेवा घ्यावी, म्हणजे इतरांनाही सबबी सांगण्याची सवय लागणार नाही, अशी त्यांची सूचना होती.

आम्ही त्यांना तेथेच थांबवावयास हवे होते. थांबवले नाही. "पाहू," एवढेच म्हणालो. कारण त्यांच्याहून मोठा अपराध आमच्या स्वतःच्या माथी होता. त्यापूर्वी पंधरवड्यामागे त्याच भगिनीच्या घरी पवित्र कम्युनियन घेऊन गेलो असता, सेमिनरीत शिकलेले आणि तीस वर्षे उगाळलेले वाक्य आम्ही तिला ऐकविले होते: "बाय, हे दुःख देवाला अर्पण करा." ती शांतपणे म्हणाली, "फादर, अकरा वर्षं अर्पणच करतेय. तुम्ही जरा ती उशी पाठीमागे सरकवता का?"

उशी आम्ही सरकवली, पण त्या वाक्याचा अर्थ कळावयास आम्हांला आणखी दोन महिने लागले. म्हणून हा लेख. वाचकांपैकी काहींना तो बोचेल. बोचावा, अशीच आमची इच्छा आहे.

वेदना खरी असेल तर ती चेहऱ्यावर दिसली पाहिजे, अशी आपल्या समाजाची एक पक्की समजूत आहे. पाय मोडला तर प्लास्टर दिसते, ताप आला तर थर्मामीटर सांगतो. पण आमवात, पाठीच्या मणक्याची दुखणी, चिकुनगुनियानंतर महिनोन् महिने न सुटणारी सांधेदुखी, चेहऱ्याच्या नसेचे ते विजेसारखे चमकणारे दुखणे, यांना दाखवावयाला काही नसते. मग आपण पुरावा मागतो, आणि तो आपल्या मते एकच: विव्हळणे. जो विव्हळत नाही त्याला दुखत नाही. जो हसला तो लबाड.

वैद्यकशास्त्र याच्या नेमके उलट सांगते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला आता जुनाट वेदना म्हणतात, आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० मध्ये वेदनेची आपली व्याख्या सुधारली तेव्हा एक टीपही जोडली. मनुष्य आपल्याला दुखते असे सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असा तिचा आशय आहे. म्हणजे साक्षीदार एकच, आणि तो स्वतः रुग्ण. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलेल्या उपपत्तीपासून हेही मान्य झाले आहे की, शरीराकडून निघालेला वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत सरळ तारेसारखा पोहोचत नाही. मज्जारज्जूत जणू एक फाटक असते, आणि मनाची स्थिती, लक्ष, भीती, आनंद यांनी ते कमीअधिक उघडते. तेव्हा नातवंडांबरोबर हसणाऱ्या आजीची वेदना खोटी ठरत नाही. उलट, त्या हसण्याने फाटक घटकाभर थोडे लोटले जाते. ते हसणे हिरावून घ्यावयाचे असेल, तर तिच्या गोळ्याही काढून घ्याव्यात. दोन्हींत फारसा फरक नाही.

गोव्याच्या त्या चार दिवसांचा हिशेब आम्ही नंतर तिच्या सुनेकडून ऐकला. छायाचित्रांत न आलेला हा भाग आहे. प्रवासाच्या आधी दोन दिवस घरातील सारे काम बंद, केवळ विश्रांती. रेल्वेत खालचा बर्थ, दर तासाभराने उठून डब्यातल्या डब्यात चार फेऱ्या. पहाटे सांधे लाकडासारखे ताठरलेले असतात, तेव्हा अंग सैल व्हायला दीड तास द्यायचा, म्हणून सकाळी नऊच्या आत कोणताही कार्यक्रम नाही. जुन्या गोव्यात रांगेत मुलाने उभे राहावयाचे, हिने घडीच्या स्टुलावर सावलीत बसावयाचे, आणि से कॅथेड्रलच्या दाराशी रांग पोहोचली की सुनेने हात धरून आणावयाचे. एक दिवस दर्शन, दुसरा दिवस पूर्ण झोप. तिसऱ्या दिवशी मांडवीचा काठ, तोही सायंकाळी तासभर. ज्या तासाची छायाचित्रे गावभर फिरली तो हा तास. परतल्यावर पाच दिवस अंथरूण. "त्या पाच दिवसांचे फोटो कोणी काढले नाहीत, फादर," असे सून म्हणाली.

तिने पाच दिवस मोजून एक तास विकत घेतला. हा सौदा करण्याचा अधिकार तिचा आहे. तेच पाच दिवस फुगे तळण्यावर किंवा बाकावरून गुडघ्यांवर येण्यावर तिने का खर्च करावेत, हे ठरविणारे आम्ही आणि ते दोन गृहस्थ कोण?

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो हलका नाही. दुःखाला तारणमूल्य आहे असे ख्रिस्तसभा शिकवीत नाही काय? शिकविते. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी याच विषयावर 'साल्विफिची दोलोरिस' हे प्रेषितीय पत्र लिहिले, आणि पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या शब्दांपासून त्याचा आरंभ केला. पण त्या पत्राचे शेवटचे मोठे प्रकरण चांगल्या शोमरोन्याविषयी आहे, हे आम्ही धर्मगुरू प्रवचनात सांगावयास विसरतो. शोमरोन्याने वाटेवर पडलेल्या त्या मनुष्याला दुःख अर्पण करण्याचा उपदेश केला नाही. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्याला आपल्या जनावरावर बसविले आणि धर्मशाळेचे पैसे भरले. अर्पण हे ज्याचे दुःख त्यानेच करावयाचे असते. दुसऱ्याचे दुःख परस्पर अर्पण करून टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दानपेटीत नोट टाकण्यासारखे आहे.

वेदनाशामक औषध घेणे म्हणजे श्रद्धेत कमी पडणे, असे मानणारेही आपल्यात आहेत. पोप बाराव्या पायसनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना या शंकेचे निरसन केले होते. वेदना शमविणे ख्रिस्ती माणसाला अनुज्ञेय आहे, एवढेच नव्हे, तर मरणासन्न रुग्णाचे आयुष्य त्यायोगे नकळत थोडे घटले तरी, उद्देश वेदनाशमनाचाच असेल तर तेही. ख्रिस्तसभेची ही भूमिका आजही कायम आहे. त्याहून फार पूर्वी सिराच्या पुस्तकाने वैद्याचा मान राखावयास आणि भूमीतून निघणाऱ्या औषधांना नाके मुरडू नयेत असे सांगितले आहे. आणि १९८६ साली वांद्र्यात मरणोन्मुख कर्करुग्णांसाठी शांती अवेदना सदन उभे राहिले, तेव्हा त्याच्या नावातच अवेदना हा शब्द घालण्यात आला. तरीही आमच्याच धर्मग्रामात गोळ्यांची डबी पाहुण्यांपासून लपविणारी घरे आहेत.

रोगनिवारणाच्या प्रार्थनासभांविषयी एक वाक्य लिहिल्याखेरीज आम्हांला राहवत नाही. बरा न झालेल्याला "तुझा विश्वास उणा पडला" असे सांगून घरी पाठविणारा उपदेशक ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीला बसतो, आणि त्या मित्रांना देवाने शेवटी काय सुनावले ते पवित्र शास्त्रात वाचावे. ते मित्र निदान पहिले सात दिवस सात रात्री गप्प तरी बसले होते!

लूकच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षे वाकलेली एक स्त्री आहे. येशूने तिला सभास्थानात सर्वांदेखत पुढे बोलाविले आणि सरळ केले. यावर रागावला तो सभास्थानाचा अधिकारी. त्याला तिच्या पाठीपेक्षा शब्बाथाचा नियम महत्त्वाचा वाटला. हा उतारा आम्ही किती वेळा वाचला असेल! आणि दर वेळी स्वतःला येशूच्या बाजूला उभे केले. तो अधिकारी म्हणजे आम्हीच, मिस्सेत कोण गुडघे टेकीत नाही हे आल्तारावरून न्याहाळणारे, हे त्या उशीनंतरच उमगले.

आणि तीर्थयात्रा तरी काय आहे? लूर्दमध्ये १८५८ पासून कोट्यवधी लोक येऊन गेले. ख्रिस्तसभेने अधिकृतपणे मानलेले चमत्कार सत्तरहून थोडेच अधिक. म्हणजे बहुतेक आजारी आपले आजारपण घेऊनच परततात, तरी पुन्हा येतात, कारण तेथे मिरवणुकीत त्यांचे स्थान मागे नसते, पुढे असते, आणि त्यांच्या चाकांच्या खुर्च्या धडधाकट माणसे ओढतात. स्वतः बर्नादेत दम्याने आणि हाडांच्या क्षयाने पिडलेली होती, आणि १८७९ साली पस्तिसाव्या वर्षी ती वारली. ज्याच्या दर्शनाला आपली भगिनी गेली होती त्या झेवियरचा प्रवासही काही सुखाचा नव्हता. १५४१ साली लिस्बन सोडल्यावर पहिले दोन महिने त्याला जहाज लागत राहिले, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. गोव्यात पाऊल टाकावयाला त्याला तेरा महिने लागले. दुखत्या शरीराने प्रवास करू नये असा नियम असता, तर आपल्याकडे त्याचे दर्शन घ्यावयाला आज कोणी उरलेच नसते.

शासनाच्या दप्तरातही या माणसांची जागा नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले, पण जुनाट वेदना त्या यादीत नावाने नाही. सांध्यांची हालचाल ठराविक प्रमाणात गेली असेल तर प्रमाणपत्र मिळते, नुसते दुखत असेल तर नाही. सकाळच्या विरार लोकलमध्ये अशा माणसाने जागा मागितली तर लोक त्याच्या पायांकडे पाहतात. तेथे आपले चालत नाही, हे खरे. देवळात मात्र आपले चालते.

म्हणून काही गोष्टी ठरल्या आहेत. पाठ असलेल्या सहा खुर्च्या देवळात मधोमध, दुसऱ्या रांगेत ठेवल्या आहेत, कोपऱ्यात नव्हेत. त्यांवर बसणाऱ्याने का बसलो हे कोणाला सांगावयाचे नाही, आणि कोणी विचारावयाचेही नाही. बाजूच्या दाराच्या तीन पायऱ्यांवर उतार बांधण्याचे काम पावसाआधी व्हावयाचे होते, ते ठेकेदारामुळे रेंगाळले आहे. सप्टेंबरातील माउंट मेरीच्या यात्रेची बस यापुढे पहाटे पाचला न सुटता आठला सुटेल आणि दर तासाला थांबेल. यावर महिला मंडळात बरीच वादावादी झाली. उशीर झाला की गर्दी वाढते, हे त्यांचे म्हणणे रास्तच आहे. तरीही वेळ बदललेली नाही.

त्या दोन गृहस्थांना आम्ही पुन्हा बोलावून घेतले. एक ऐकून गेले. दुसरे अद्याप रुसलेले आहेत, आणि हा अंक त्यांच्या घरी जातोच.

त्या भगिनीचे नाव बसच्या यादीत पहिले आहे. तिने एक अट घातली आहे: परतीच्या वाटेवर आपल्याला कोणी रोझरीचे नेतृत्व करावयास सांगू नये, कारण तोवर ती बहुधा झोपलेली असेल. आम्ही होकार दिला आहे.